लावणीच्या महिन्यातली हजेरी

९ जून १९९८, मंगळवार

आज पुन्हा तोंड सुटलं माझं.

भगीरथ दहा मिनिटं उशिरा आला, कार्ड पंच केलं आणि माझ्या हजेरीच्या खिडकीसमोरून शांतपणे चालायला लागला. मी आतून ओरडले — घरी घड्याळ आहे, की अजून कोंबड्यावरच चाललंय? पॅकिंगच्या बायका फिदीफिदी हसल्या. भगीरथ हसला नाही, चिडलाही नाही. माझ्याकडे बघितलं आणि मशीनवर गेला. मोल्डिंगवरचा सगळ्यात जुना माणूस. डोंगराकडच्या वाडीवरून तासभर चालत येतो, मग जीप धरतो. मला नंतर वाईट वाटलं. नेहमी नंतरच वाटतं!

मग कर्णिकसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. वाटलं, गेली नोकरी. ते म्हणाले, "वंदना, तुला बोलता येतं. पण तू बोललीस की माणूस गप्प होतो, तयार होत नाही. दोन्हीत फरक आहे." आणि पुढं म्हणाले — गुरुवार-शुक्रवार ठाण्याला जा. ट्रेनिंग आहे. समोरच्याचं मन कसं वळवायचं त्याचं.

कारण लावणी. आमची कंपनी औषधाच्या बाटल्यांची झाकणं बनवते. त्रेचाळीस माणसं, सगळी मुरबाडच्या आसपासच्या गावांतली. जुलैत भाताची लावणी आली की कंपनी ओस पडते. गेल्या वर्षी तीन आठवडे रोज जेमतेम दहा माणसं होती म्हणे. साहेब त्याला "लावणीचं नाटक" म्हणतात. यंदा मुंबईहून शेठचा निरोप आलाय — जुलैत रोज तीस माणसं दिसली नाहीत तर ऑगस्टपासून ठेकेदाराची बाहेरची माणसं येणार, आणि ही त्रेचाळीस कायमची घरी बसणार.

माझे सहा महिने जुलैअखेर भरतात. साहेब म्हणाले, "तीस माणसं टिकव. टाइम ऑफिसात परमनंटचं पत्र मी स्वतः देईन."

मी, शेणव्याची वंदना, ट्रेनिंगला ठाण्याला! आईला सांगितलं तर म्हणाली, "तुला बोलायला शिकवणारेत? अजून?"

१३ जून, शनिवार

काय ते ट्रेनिंग! सुट्टीचा शुक्रवार गेला त्याचं काही वाटलं नाही. पंख्याखाली खुर्च्या, भिंतीवर मशीनने पाडलेली चित्रं, दर दोन तासांनी बिस्किटं. शिकवणाऱ्या मॅडम इतक्या गोड बोलत होत्या की त्यांनी सांगितलं असतं तर मी खिडकीतून उडी मारली असती.

शिकले ते असं. समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. त्याचं नाव पुन्हा पुन्हा घ्यायचं. "पण" हा शब्द तोंडातून काढायचा नाही. आणि असे प्रश्न विचारायचे की समोरचा तीनदा "हो" म्हणेल, म्हणजे चौथ्यांदाही "हो"च म्हणतो.

रात्रीच्या जेवणाला बाबांवर करून बघितलं. तानसाच्या पाइपलाइनीवर तीस वर्षं राखणदारी केलेला माणूस, दिवसाला चार वाक्यं बोलला तर खूप. "बाबा, आज भाजी छान झालीय ना? भूक पण छान लागली असेल ना? आणि बाबा, मी दमून आलेय ना?" तिन्ही वेळा हो. मग चौथा — "मग बाबा, भांडी तुम्ही घासाल ना?"

बाबांनी ताट उचललं आणि खरंच मोरीवर गेले. आई दार धरून हसत होती. विद्या चालते!

१६ जून, मंगळवार

विद्या चालत नाही.

भगीरथपासून सुरुवात केली, कारण मोल्डिंगवाले सगळे त्याच्या तोंडाकडे बघून वागतात. चहाच्या सुट्टीत गाठलं. डोळ्यांत बघितलं, अगदी पापणी न हलवता. "भगीरथ, ही कंपनी तुमची आहे ना, भगीरथ? भगीरथ, तुम्हाला नाही का वाटत —"

तो जरा मागे सरकला. म्हणाला, "ताई, माज्या डोल्यात काय गेलंय का?"

मी म्हटलं नाही.

"मंग आसं का बघताय? आन् नाव कशाला घेताय येवढ्यांदा? मी हितंच हाय."

पॅकिंगवरची गोजामावशी शेजारी भाकरी खात होती. तिला ठसका लागला. पाठ चोळावी लागली मला तिची. साठीला आलेली बाई, आमच्याच समाजातली, मला पोरीसारखं वागवते. डोळे पुसत म्हणाली, "काय गो हे, ठान्याला काय पाजलं तुला?"

१७ जून

आज नुसतं नाव न घेता बोलून बघितलं. कोणी लक्षच दिलं नाही.

२४ जून, बुधवार

गोजामावशी सहज म्हणाली, "कंपनीत कोन कुनाचं ऐकतं गो? कंपनीत सगळे घड्याळाकडं बघतात. घरी जा त्यांच्या."

हे मला का नाही सुचलं! शुक्रवारी जाते. कागद करून घेतलाय — "लावणीच्या दिवसांत मी कामावर हजर राहीन." खाली त्रेचाळीस नावं, पुढे सहीची जागा.

२६ जून, शुक्रवार

आज मी राजा आहे!

सकाळी सातला निघाले. किन्हवली, सरळगाव, मग मुरबाडहून एका जीपवाल्याला धरलं आणि वाड्या पालथ्या घातल्या. उरलेल्या पायी. चिखलात चप्पल तुटली, ती हातात घेतली. प्रत्येक घरात कोरा चहा. अकरा घरांत अकरा कप! आता रात्रभर झोप कुठली!

पण काय माणसं! ओसरीवर घोंगडी घालायची, पाणी द्यायचं, बाबांची चौकशी करायची. मी कागद पुढे केला की एकानेही हरकत घेतली नाही. "देऊ की सई, त्यात काय." भगीरथच्या घरी तर त्याची बायको बारकी स्वतः आतून पेन शोधून घेऊन आली. भगीरथने सही केली, मग शेजारच्यांना हाक मारून बोलावलं आणि त्यांच्याही सह्या घेतल्या. माझं कामच त्याने केलं.

एकोणचाळीस सह्या आणि अंगठे! राहिले ते चौघे गावाला गेले होते.

ठाण्याच्या मॅडमना पत्र लिहावंसं वाटतंय.

२७ जून, शनिवार

कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचला. "एकोणचाळीस?" म्हणाले. "मला सात वर्षांत चार मिळाले नव्हते." लगेच मुंबईला फोन लावला माझ्यासमोर. शेठना माझं नाव सांगितलं!

घरी येताना जीपमध्ये एकटीच हसत होते. शेजारच्या बाईने जागा बदलली.

६ जुलै, सोमवार

बारा माणसं आली.

एकोणचाळीस सह्या. बारा माणसं. कार्डांचा स्टँड भरलेला तसाच भरलेला. मशीनं गार. साहेब दहा वाजता फ्लोअरवर आले, बंद मशीनं बघितली, परत गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

दुपारी ठेकेदार आला. पांढरा सफारी घातलेला माणूस. केबिनमध्ये अर्धा तास बसला, मग फ्लोअरवर चालत चालत माणसं कुठे उभी राहतील ते बघत होता. गोजामावशीच्या टेबलापाशी थांबला आणि म्हणाला, इथे दोघांचं काम एक जण करेल. तिच्यासमोर! ती झाकणं मोजत राहिली.

साहेबांनी संध्याकाळी सांगितलं, शेठ अजून एक आठवडा थांबतील. तेरा तारखेपर्यंत काही दाखवलं नाही तर ठेकेदाराशी करार होणार.

मी गोजामावशीवरच धावून गेले. "सह्या कशाला केल्या मग? तोंडावर नाही म्हणायला काय झालं होतं?"

ती शांतपणे म्हणाली, "दारात आलेल्या मानसाला नाय म्हनत नाय गो कोनी. चहा पाजला, सई मागितली, सई दिली. तू घरी गेलीस ना खुशीत? मंग?"

खुशीत! मी तर खुशीत वरती उडत होते.

७ जुलै

रागाने जेवले नाही. आईने भाकरी झाकून ठेवलीय. मी बघणार नाही तिकडे.

(खाल्ली.)

८ जुलै, बुधवार

चौदा हजर. भगीरथही आला. दुपारच्या सुट्टीत मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि ठाण्याचं सगळं विसरले. डोळ्यांत बघणं नाही, गोड बोलणं नाही. जे तोंडाला आलं ते बोलले — तुमच्या सह्यांवर माझी इज्जत गेली. ती सोडा, माझं काय, मी दुसरीकडे चिकटेन. पण ठेकेदाराची माणसं आली तर तुम्ही कुठे जाणार? लावणी तीन आठवडे. बाकीचे अकरा महिने काय खाणार? एवढं साधं कळत नाही? एवढं काय आहे त्या लावणीत?

भगीरथ पाणी पीत होता. पिऊन झालं. तांब्या खाली ठेवला. म्हणाला, "तुमी कंदी उतरल्यात का लावनीत?"

मी म्हटलं, लहानपणी मामाकडे. एकदाच.

"शुक्रवारी माज्याकडं लावनी हाय," तो म्हणाला. "या."

एवढंच. उठून गेला. मी ठरवलंय, जाणार नाही. मला बोलावणारा हा कोण?

१० जुलै, शुक्रवार

गेले!

आणि आता कंबर कुठे संपते आणि पाय कुठे सुरू होतात ते समजत नाही. पण लिहिणार. आजचं सगळं लिहिणार.

सहाला वाडीवर पोचले तर शेतात आधीच चौदा-पंधरा माणसं. निम्मी आमच्या कंपनीची! पॅकिंगची देवकी, मोल्डिंगचा कमळू, सगळे डोक्यावर प्लॅस्टिकच्या खोळी घेऊन वाकलेले. मला बघून कोणी लाजलं नाही. बारकीने माझ्या साडीचा काचा स्वतः बांधून दिला आणि हातात रोपांची जुडी कोंबली.

मी लावत गेले. वाकायचं, तीन-चार काड्या चिखलात खुपसायच्या, मागे सरकायचं. दहा मिनिटांत माझी ओळ बाकीच्यांच्या ओळीपासून फुटून भलतीकडे निघाली. बारकी न बोलता माझ्यामागून येत होती आणि मी लावलेलं उपटून नीट लावत होती. कमळू ओरडला, "ताई, तुमची लाइन मुरबाडला चालली!" मी वळून उत्तर द्यायला गेले आणि बसले. चिखलात. कमरेपर्यंत. सगळं शेत हसलं. मीही हसले, इतकी हसले की उठताच येईना, दोघींनी ओढून काढलं.

दुपारी बांधावर तांदळाची भाकरी, सुकट आणि कांदा. असं जेवण मी वर्षात जेवले नव्हते.

तिथे कळलं. हे सगळे भगीरथचे नातेवाईक नाहीत, मजूरही नाहीत. सावड आहे. आज सगळ्यांनी भगीरथकडे लावायचं, उद्या भगीरथने त्यांच्याकडे जायचं. मजुरी नाही, दिवसाला दिवस. एकट्याने लावायला गेलं तर दहा दिवस लागतील आणि तोवर रोपं म्हातारी होतील. बारा माणसं उतरली तर एका दिवसात शेत हिरवं.

मी विचारलं, "म्हणजे भगीरथ, तुमचं स्वतःचं काम एकाच दिवसाचं?"

"येक दिवसाचं."

"मग तीन आठवडे का जाता?"

"ज्यांनी माज्याकडं दिवस दिला, त्यांचा फेडाय नको? नाय गेलो तर पुढल्या साली कोन येल?"

देवकीने भाकरीचा तुकडा मोडत म्हटलं, "आन् सगळ्यांची शेतं येकदम थोडीच तयार होतात. आमच्याकडं खाली पानी लवकर भरतं, यांच्याकडं डोंगरावर उशिरा."

मी भाकरी हातात धरून बसले. कोणाच्या शेताला कोणता दिवस, ते यांना माहीत आहे. मग सगळे रोज कशाला गायब होतात? रोज एक शेत, रोज बारा माणसं. बाकीची एकतीस कंपनीत!

मोठ्याने बोलले बहुतेक. कारण बारकी भगीरथकडे बघून हसली आणि म्हणाली, "शिकलेली हाय पोर."

११ जुलै, शनिवार

वाकता येत नाही. खुर्चीवर बसताना आवाज निघतो तोंडातून.

दिवसभर कागद मांडून बसले. सोळा शेतं राहिलीत आणि बरोबर सोळा दिवस, शुक्रवार धरून. भगीरथ चहाला खिडकीशी यायचा, एक नाव सांगायचा, जायचा. "मंगळवारी हौसाचं शेत घ्या. तिची रोपं थांबायची नायत." पुन्हा तासाभराने यायचा. "गुरुवारी कमळूचं." एकदम सगळं सांगेल तर शपथ! आणि कोणी किती दिवस दिले, किती फेडायचे राहिले, ते गोजामावशीला तोंडपाठ. मी लिहीत गेले, खोडत गेले, पुन्हा लिहीत गेले.

दुपारपर्यंत तक्ता तयार. मी केलेला! माझ्या डोक्यातला!

गोजामावशीने बघितला. म्हणाली, "झ्याक. पन लोक मान्नार नायत."

"का?"

"कंपनी आमच्याकडं मानसं मागते. लावनीच्या दिसात मानूस मागायचा तर मानूस द्यावा लागतो. कंपनीनं येक दिवस दिला कुनाला? ती सावडीत हायच नाय."

"कंपनी काय शेतात उतरणार?"

"साहेब हाय की," मावशी म्हणाली आणि झाकणं मोजायला लागली.

१३ जुलै, सोमवार

शेवटचा दिवस. ठेकेदार पाचला येणार होता. मी चार वाजता, साहेबांचा चहा गेला की, तक्ता घेऊन आत.

सकाळपासून ठरवलं होतं की कर्णिकसाहेबांशी वाद घालायचा नाही. वादात ते मला जिंकू देतात आणि मग स्वतःला हवं तेच करतात. ते भगीरथकडून उचललं आज — एक वाक्य बोलायचं आणि गप्प बसायचं. जीभ दातांखाली धरून!

कागद ठेवला. "हे काय?" म्हणाले.

"कोणाची लावणी कधी, ते."

गप्प.

त्यांनी बोट फिरवत वाचलं. "रोज एकच शेत?"

"हो."

"आणि बाकीचे?"

"इथे."

त्यांनी पेन्सिल घेतली. त्रेचाळीसातून बारा वजा केले. पुन्हा केले. मग वर बघितलं. "एकतीस," म्हणाले. मला आतून ओरडावंसं वाटत होतं — मी हेच तर म्हणतेय! ओरडले नाही. साहेब उठले, खिडकीशी गेले, परत आले. म्हणाले, "हे रोज होणार असेल तर ऑर्डर निघते. आणि नवी माणसं आणून त्यांना मशीन शिकवायचं, त्यात दोन महिने जातात ते वेगळेच. शेठना हे सांगता येईल." आता तेच मला पटवायला लागले! मी मान हलवत होते.

मग सांगितलं, "एक अट आहे लोकांची. कंपनीने एक दिवस द्यायचा. सावडीत."

"म्हणजे कोणी जायचं?"

मी गप्प.

ते चहा प्यायले. बशी सरकवली. "मला पाठीचा त्रास आहे," म्हणाले.

मी गप्प. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं.

"माझ्या आजोबांची पनवेलला शेती होती. मी फक्त भात खाल्ला."

मी गप्प. आयुष्यात एवढी गप्प बसले नाही.

"दुपारपर्यंतच," साहेब म्हणाले. "शुक्रवारी. आणि फोटो नाही काढायचा कोणी."

पाचला ठेकेदार आला, साडेपाचला गेला. जाताना चहा न घेता गेला.

घरी येऊन सगळं सांगितलं. बाबा ऐकत होते. म्हणाले, "गप्प बसलीस? तू?" त्यांचं दिवसाचं पाचवं वाक्य असावं.

१७ जुलै, शुक्रवार

हौसाच्या शेतावर नव्हे, तिचं मंगळवारी झालं. आज रंगूकाकाच्या शेताची पाळी. मी शेणव्याहून आठला पोचले तोवर साहेबांची गाडी वाडीच्या खाली उभी होती. साहेब आधी आले होते!

काळे गमबूट घालून. नवे कोरे. सगळे बघत राहिले. साहेब बांधावरून उतरले, दोन पावलं टाकली. तिसऱ्या पावलाला पाय वर आला आणि बूट खालीच राहिला. साहेब एका पायावर, हात पसरून. मी तोंडात पदर कोंबला. भगीरथ गेला, त्यांना खांद्याचा आधार दिला, दुसराही बूट काढायला लावला, दोन्ही बूट पाण्यात खंगाळून बांधावर नीट जोडीने ठेवले.

साहेब अनवाणी लावत होते. त्यांची ओळ माझ्यापेक्षा सरळ आली, हे मला आवडलेलं नाही. दर पाच मिनिटांनी कंबर धरून उभे राहायचे आणि समोर उरलेल्या शेताकडे बघायचे. एकदा मला विचारलं, "हे लोक असे शेतातून निघून दुपारच्या शिफ्टला पण आलेत ना कधी कधी?" मी म्हटलं, हो. कार्डं आहेत माझ्याकडे. ते पुन्हा वाकले.

दुपारपर्यंतच म्हणाले होते. संध्याकाळी पाचपर्यंत थांबले. चार भाकऱ्या खाल्ल्या! गोजामावशीने पाचवी वाढली तेव्हा हात आडवा केला.

"लावणीचं नाटक" हा शब्द आज त्यांनी काढला नाही.

१८ जुलै

एकतीस हजर. साहेब आले नाहीत. पाठ.

२२ जुलै, बुधवार

आज जीव जायची वेळ आली होती.

काल रात्रभर पाऊस कोसळला. सकाळी ओढ्यावरचा फरशीपूल पाण्याखाली, त्या बाजूच्या जीपा बंद. साडेआठला चोवीस कार्डं. नऊला चोवीस. शेठ बाराला हजेरी विचारणार आणि एक दिवस जरी तीसच्या खाली गेला तरी ठेकेदाराला फोन जाणार, असं ठरलेलं. मी खिडकीतून फाटकाकडे बघत होते.

पावणेदहाला फाटकात सहा जण. वरच्या अंगाला जाऊन, जिथे ओढा अरुंद आहे तिथून, दोराला धरून आले होते. पुढे भगीरथ, त्याच्यामागे देवकी, कपडे पिळत. भगीरथने कार्ड पंच केलं, माझ्या खिडकीपाशी थांबला आणि म्हणाला, "उशीर झाला."

मी नुसती मान हलवली आणि पाठ फिरवून डोळे पुसले. मग पळत जाऊन कँटीनमधून सहा चहा आणले, स्वतः.

तीस. बरोबर तीस! साहेबांनी बाराला फोनवर आकडा सांगितला तेव्हा त्यांचाही आवाज जरा वेगळा आला.

२३ जुलै

एकतीस. फरशी उघडी झाली.

२९ जुलै

शेवटचं शेत आज झालं. उद्या ऑर्डरची गाडी भरायची. झोप नाही.

३० जुलै, गुरुवार

गेली! साडेचार वाजता ट्रक फाटकाबाहेर पडला. झाकणांचा शेवटचा खोका कमळूने आणि साहेबांनी मिळून चढवला. पॅकिंगच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि मग लाजल्या. साहेबांनी सगळ्यांना भजी सांगितली. भजी खाताना गोजामावशीने माझ्या गालाला पीठ लागलेल्या हाताने चिमटा काढला.

त्रेचाळीस माणसं. एकही घरी बसणार नाही. मी हे वाक्य पुन्हा लिहिते, मला आवडतं. एकही घरी बसणार नाही.

१ ऑगस्ट, शनिवार

परमनंट! पत्र हातात आहे. खाली साहेबांची सही, वर माझं पूर्ण नाव. बाबांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेवलं.

दुसरंही पत्र आलंय, फळ्यावर लावलं — दर वर्षी लावणीच्या महिन्यात तक्त्याप्रमाणे पाळी, आणि कंपनीतर्फे एक दिवस. शेठनी मान्य केलं. साहेबांनी मला सांगितलं की हे सगळं श्रेय तुझं. मी म्हटलं, ठाण्याच्या मॅडमचं. खोटं बोलले. माझंच आहे! मी माणसं वळवली. साहेब वळवला. शेठ वळवला.

३ ऑगस्ट, सोमवार

चहाच्या सुट्टीत गोजामावशीला म्हटलं, बघितलंस ना मावशी, कसं पटवलं सगळ्यांना? ती हसायला लागली ते थांबेचना. मग सांगितलं. ही पाळी कंपनीतली माणसं चार पावसाळे मागत होती. माझ्या आधीचा प्रशांत त्यांचं म्हणणं लिहून साहेबांकडे घेऊन गेला होता, साहेबांनी कागद फाडला. यंदा भगीरथ बोलला, ही पोर चिडकी आहे, ही साहेबाकडे जाईल. सगळ्यांनी सह्या करा, मग तिला राग येईल, राग आला की ती शेतात येईल, शेतात आली की विचारेल. शेतं एक-एक करून सांगायची, म्हणजे तक्ता तिचा होईल. साहेबाला चिखलात उतरवायचं हेही त्याचंच.

मी म्हटलं, मला सरळ का नाही सांगितलं?

"सरळ सांगितलं असतं तर तू आमची तक्रार घेऊन गेली असतीस. तू तुजी गोष्ट घेऊन गेलीस. आन् काय नाय केलं तरी ठेकेदार येनारच होता, मंग भ्यायचं कशाला?"

खिडकीतून भगीरथ दिसत होता. मशीन पुसत होता. माझ्याकडे बघितलं नाही.

मी मावशीला विचारलं, आता पुढचं काय ठरवलंय तुम्ही?

"काय नाय गो," ती म्हणाली. "तू चहा घे."